नाव नंतर, चोच आधी: सोलापुरात पक्षी बघायला शिकताना

सोलापुरात पक्षी बघायला सुरुवात करायची असेल, तर पहिला महिनाभर नावं पाठ करायच्या मागे लागू नका. नाव कळलं की आपलं समाधान होतं आणि नजर पुढच्या पक्ष्याकडे वळते. त्यापेक्षा समोर जो पक्षी आहे त्याच्याबद्दल तीन गोष्टी शोधा: हा खातो काय, हा पाय कुठे टेकतो आणि पिल्लं कुठे वाढवतो. पहिल्याचं उत्तर चोचीत असतं, दुसऱ्याचं पायांत आणि तिसऱ्याचं घरट्यात. ही तीन उत्तरं जुळली की मग पुस्तकात नाव सापडायला फार वेळ लागत नाही, आणि सापडलेलं नाव विसरतही नाही.

या अभ्यासाला आपलं गाव फार सोयीचं आहे. कोरडा जिल्हा म्हणून आपणच त्याला कमी लेखतो. पण कंबर तलाव आणि सिद्धेश्वर तलाव शहरातच आहेत, तुळजापूर रस्त्यावर हिप्परग्याचा एकरुख तलाव आहे, बार्शी रस्त्याला नान्नजचा माळ आहे, मधे ज्वारीची रानं आणि विहिरींवरच्या बाभळी आहेत. पाण्यातला, झाडावरचा आणि उघड्या माळावरचा पक्षी एकाच आठवड्यात बघून त्यांची तुलना करता येईल अशी गावं फार नाहीत.

निघण्याआधी

एक वही आणि एक पेन्सिल घ्या. दुर्बीण असली तर ८×४० किंवा ८×४२ मापाची पुरते. नसली तरी पहिले काही आठवडे काही अडत नाही, कारण सुरुवात गच्चीवरून करायची आहे. कपडे मातकट किंवा फिकट हिरवे असावेत. पाणी भरपूर बरोबर ठेवा. उन्हाळ्यात उजाडल्यापासून नऊपर्यंतच काय ते बघून घ्या, त्यानंतर पक्षीही सावली धरतात आणि आपणही धरावी. हिवाळ्यात अकरापर्यंत थांबलं तरी चालतं.

वहीत प्रत्येक पक्ष्यासाठी एक पान ठेवा. त्यावर डोक्याचा गोल काढा आणि त्याला चोच जोडा. चित्र चांगलं यायला हवं असं नाही. चोच डोक्याच्या लांबीएवढी आहे, निम्मी आहे की दुप्पट, सरळ आहे की वाकडी, टोकाला आकडा आहे का, एवढं दिसलं की पुरे. मोबाइलवर फोटो काढण्यापेक्षा हे रेघोट्या मारणं नवख्या माणसाला जास्त शिकवतं, कारण काढायचं म्हटलं की नीट बघावंच लागतं.

पहिली पायरी: गच्चीवरच्या चोची

कठड्यावर मूठभर ज्वारी आणि एक पाण्याचं पसरट भांडं ठेवा, आणि चार-पाच पावलं मागे सावलीत बसा.

चिमणी आली की तिची चोच बघा: आखूड, बुडाशी जाड, टोकाला निमुळती. तिने दाणा उचलला की लगेच गिळत नाही. जिभेने तो चोचीच्या कडेला सरकवते, वरच्या-खालच्या कडांमध्ये दाबते आणि फोडते. भुगा खाली सांडतो. बुडाशी जाड असलेल्या चोचीत दाबायची ताकद जास्त, म्हणून दाणे खाणाऱ्या पक्ष्यांच्या चोची अशाच असतात. सुगरण, मुनिया यांच्याही अशाच. आता होला आला तर फरक बघा. त्याची चोच बारीक आणि नाजूक आहे, तो दाणा फोडण्याच्या भानगडीत न पडता अख्खाच गिळतो. दळायचं काम पोटातल्या पेषणीचं, आणि त्यासाठी तो मधेमधे बारीक खडेही टिपतो. पाणी पितानाही दोघं वेगळे. चिमणी घोट घेऊन मान वर करते, होला मात्र चोच बुडवून सलग ओढत राहतो.

पोपटाची चोच बघायला चिंचेचं किंवा पेरूचं झाड गाठा. आपला फक्त खालचा जबडा हलतो, पोपटाचा वरचाही कवटीशी सांध्याने जोडलेला असल्यामुळे चांगलाच हलतो. म्हणून शेंग एका पायात धरून तो ती हवी तशी फिरवत सोलू शकतो. फांदीवर चढताना चोच पुढे रोवून तिच्या आधाराने अंग वर ओढतो. त्याच्या पायाची दोन बोटं पुढे आणि दोन मागे असतात, ती पकड त्याशिवाय आली नसती. (पोपट पिंजऱ्यात ठेवणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. अजून कितीतरी घरांत तो टांगलेला दिसतो, म्हणून मुद्दाम लिहितोय.)

जास्वंद, घाणेरी किंवा एखादा फुलांचा वेल असेल तर शिंजीर येणारच. अंगठ्याएवढा पक्षी, चोच लांब, बारीक आणि खाली वळलेली. आतली जीभ नळीसारखी वळलेली असते, तिने तो मध ओढतो. जास्वंदासारखं मोठं फूल असलं की समोरून न जाता देठाशी भोक पाडून सरळ मधापर्यंत पोचतो. पण त्याची पिल्लं मधावर वाढत नाहीत. त्यांच्यासाठी तो कोळी आणि बारीक किडे वेचतो. चिमणीचंही तेच: स्वतः दाण्यावर जगणारी चिमणी पिल्लांना अळ्या भरवते. म्हणजे एका चोचीची कामं दोन असतात, आणि पिल्लं असण्याच्या दिवसांत नोंद वेगळी करायला हवी.

कावळ्याची चोच कशासाठीच खास नाही, म्हणून ती सगळ्याला चालते. मंडईत जे पडेल ते तो खातो. त्यावर फार वेळ घालवू नका, त्याच्या घरट्याकडे पुढे येऊच.

साळुंकी मात्र थोडा वेळ बघण्याजोगी आहे. गवतात चालताना ती मिटलेली चोच मुळाशी खुपसते आणि आत गेल्यावर उघडते. गवत बाजूला होतं, खालचा किडा दिसतो. चोच मिटण्यापेक्षा उघडण्याचे स्नायू तिच्याकडे भक्कम आहेत. तिच्याच जातकुळीतल्या भोरड्या हिवाळ्यात हजारोंच्या थव्याने मध्य आशियाकडून आपल्या ज्वारीवर उतरतात. हुरड्याला शेतात गेलात की आकाशात वळणं घेणारा गुलाबी-काळा थवा दिसेल, तो त्यांचाच. कणसावर बसून दाणे खातात म्हणून शेतकरी गोफण घेऊन माळ्यावर उभा राहायचा, आजही काही ठिकाणी राहतो. पण त्याच भोरड्या नाकतोडे आणि टोळही फस्त करतात, हे त्या चोचीची ठेवण बघितली की लक्षात येतं.

दुसरी पायरी: तलावाकाठी, काठापासून आत

गच्चीवर हात बसला की कंबर तलाव किंवा एकरुख तलाव गाठा. तिथे एका जागी बसून नजर काठापासून खोल पाण्याकडे हळूहळू न्या. पाणी किती खोल आहे ते पक्ष्यांच्या पायांवरून कळतं. काठच्या चिखलात धोबी आणि टिटवी, घोटाभर पाण्यात शेकाट्या, त्यापुढे मोठे बगळे आणि चित्रबलाक, आणि जिथे पायच टेकत नाहीत तिथे बदकं, चांदवे, टिबुकल्या, पाणकावळे. एकाच तलावात इतके जण पोट भरतात ते यामुळेच: ज्याचे पाय जिथवर पोचतात ती त्याची जागा, आणि त्या जागी चोच जे करू शकते ते त्याचं अन्न.

शेकाट्याचे पाय गुलाबी, काडीसारखे आणि अंगाच्या मानाने अतोनात लांब. ते वाकतात तेव्हा गुडघा मागे वळल्यासारखा वाटतो. तो गुडघा नाही, घोटा आहे. खरा गुडघा वर पिसांत झाकलेला असतो. सगळेच पक्षी खरं तर बोटांवर चालतात. हे एकदा समजलं की कुठल्याही पक्ष्याची चाल वेगळीच दिसायला लागते.

काठावरचा वंचक, ज्याला आपण ढोकरी म्हणतो, तो मुद्दाम वेळ काढून बघा. मातकट रंगाचा, मान खांद्यात ओढलेला, चिखलात असा मिसळलेला की पाय पडेपर्यंत दिसत नाही. तो हलत नाही. पाण्याकडे डोळा लावून उभा असतो. मग मान अगदी सावकाश, दिसेल न दिसेल अशी पुढे सरकते, पुन्हा थांबते, आणि एका झटक्यात चोच पाण्यात जाऊन मासा घेऊन बाहेर येते. बगळ्यांच्या मानेत मणक्यांची एक खास घडी असते. ती दुमडलेली मान सुटली की असा झटका बसतो. मासा आडवा पकडला असेल तर तो आधी फिरवून डोक्याकडून गिळतो, म्हणजे पर आणि खवले घशात अडत नाहीत. पायांची बोटं लांब आणि पसरट आहेत, म्हणून चिखलात रुतत नाही. उडाला की एकदम पांढरे पंख दिसतात आणि हा इतका वेळ इथे होता कुठे, असं वाटतं.

चित्रबलाकाची पद्धत अगदी उलट. तो बघून मारत नाही. पिवळी जाड चोच अर्धवट उघडी ठेवून गढूळ पाण्यात फिरवत चालतो, मासा चोचीला लागला की ती तत्क्षणी मिटते. म्हणून त्याला गढूळ पाणी अडचणीचं नाही. चमचा पक्षी चपट्या टोकाची चोच अर्धवर्तुळात डावी-उजवीकडे फिरवत तेच करतो. मुग्धबलाकाच्या चोचीत तर मिटल्यावरही मधे फट राहते. तो गोगलगाई खातो, आणि निसरडा शंख धरायला ती फट कामाला येते. लहान पिल्लांच्या चोचीत ही फट नसते, वाढत्या वयात ती तयार होते.

थापट्या बदक हिवाळ्यात येतं. पाण्यावर मान टाकून चोच दोन्ही बाजूंना फिरवत पोहतं. त्या रुंद चोचीच्या कडांना बारीक दातेरी पडदे असतात, पाणी बाहेर जातं आणि बारीक जीव आत राहतात. याच कामाची पराकाष्ठा बघायची तर उजनी जलाशयावर फ्लेमिंगो, म्हणजे रोहित बघायला जावं. भीमेचं पाणी ओसरायला लागून उथळ दलदल उघडी पडते तेव्हा, साधारण जानेवारी ते मे, ते तिथे असतात. रोहित डोकं उलटं करून चोच पाण्यात घालतो, म्हणजे वरचा जबडा खाली आणि खालचा वर. जाड जीभ भराभर मागे-पुढे होऊन पाणी आत ओढते आणि बाहेर फेकते. चोचीच्या आत कंगव्याच्या दातांसारख्या बारीक पट्ट्यांच्या रांगा असतात, त्यांत शेवाळ आणि सूक्ष्म जीव अडकतात. त्याचा गुलाबी रंगही त्या अन्नातूनच येतो. रोहित आपल्याकडे घरटी करत नाही, कच्छच्या रणात चिखलाचे छोटे उंचवटे रचून त्यांवर अंडी घालतो. उजनीवर तो फक्त जेवायला येतो, म्हणून नावाडी हटकून थव्याच्या मधून नाव नेत असेल तर त्याला नम्रपणे सांगा की लांबूनच दाखवा. एकदा उडाले की त्यांचा पुष्कळ वेळ खाण्याऐवजी घिरट्यांत जातो.

आता पोहणाऱ्यांचे पाय. बदकाच्या पुढच्या तीन बोटांमध्ये पडदा असतो. पाणकावळ्याच्या चारही बोटांना जोडणारा पडदा असतो, त्यामुळे बुडून मासा गाठताना त्याला जोर मिळतो, आणि चोचीच्या टोकाच्या आकड्यात मासा अडकतो. त्याची पिसं पाणी बऱ्यापैकी धरतात, बुडायला ते बरं, पण नंतर पंख पसरून वाळवत बसावं लागतं. चांदवा आणि टिबुकली यांच्या बोटांना सलग पडदा नाही, प्रत्येक बोटाला वेगळ्या पाकळ्या आहेत. पाय मागे रेटला की त्या उघडतात, पुढे आणला की मिटतात. टिबुकलीचे पाय तर अंगाच्या पार मागे आहेत. बुडी मारण्यात तिचा हात कोणी धरत नाही, पण जमिनीवर तिला धड चालता येत नाही. म्हणून तिचं घरटंही पाण्यावरच तरंगतं, पाणवनस्पतींचा ओला ढीग नुसता. घरटं सोडून जाताना ती अंड्यांवर शेवाळ-पाला ओढून जाते. काठावरून बघणाऱ्याला तिथे कुजका कचरा दिसतो.

कमळपक्षी बघितल्याशिवाय तलाव सोडू नका. बोटं आणि नखं इतकी लांब की वजन मोठ्या जागेवर वाटलं जातं आणि तो तरंगत्या पानांवरून चालत जातो. अंडी मादी घालते, पण उबवणं आणि पिल्लं सांभाळणं नराकडे असतं. जांभळी पाणकोंबडीही लांब बोटांची, मात्र ती लव्हाळ्याची काडी एका पायाच्या मुठीत धरून आतला गाभा खाते. हे दृश्य सकाळी अगदी जवळून दिसतं.

झाडावर आणि हवेत: बोटांची मांडणी

बहुतेक पाखरांची तीन बोटं पुढे आणि एक मागे असतं. फांदीवर बसताना पाय दुमडला की मागून जाणारे स्नायुबंध ताणले जातात आणि बोटं फांदीभोवती वळायला मदत होते, म्हणून झोपेतही पाखरू पडत नाही. सुतार आणि तांबट यांची दोन पुढे, दोन मागे. सुताराचे पाय खोडात नखं रोवतात आणि ताठ शेपटी टेकू देते, तेव्हा कुठे चोच जोरात आपटता येते. त्याची जीभ इतकी लांब असते की तिची मुळं कवटीला मागून वळसा घालतात. तांबट वड-पिंपळ-उंबराची फळं खातो, पण घर त्यालाही कोरायचं असतं, म्हणून चोच आखूड आणि दणकट. तो जिवंत लाकडाच्या वाटेला जात नाही, वाळकी, मऊ पडलेली फांदी निवडतो. अंगणातल्या झाडाची वाळकी फांदी धोकादायक नसेल तर तोडू नका एवढीच विनंती. त्याने सोडलेल्या बिळात नंतर दुसरे पक्षी संसार थाटतात.

खंड्या आणि वेडा राघू यांची पुढची बोटं बुडाशी एकमेकांना जोडलेली असतात. चालायला हे पाय फारसे कामाचे नाहीत, पण बीळ खोदताना माती मागे लोटायला चांगले. दोघंही मातीच्या उभ्या कडेत चोचीने बोगदा पाडतात. विहिरीची कच्ची बाजू, ओढ्याची दरड, मुरूम काढलेला खड्डा, अशा जागी ती गोल भोकं शोधा. वेडा राघू मधमाशी पकडली की फांदीवर आपटतो आणि घासून नांगी काढून टाकतो, मगच गिळतो. आणि खंड्या दिसला म्हणजे जवळ पाणी असलंच पाहिजे असं नाही. पांढऱ्या छातीचा खंड्या सरडे आणि नाकतोड्यांवरही निवांत जगतो.

पाकोळीचे पाय बघायला मिळणं अवघड. ती जवळजवळ सगळा वेळ हवेत असते. तिची चारही बोटं पुढे वळू शकतात, त्यामुळे ती दगडाला लटकते, पण तारेवर बसत नाही. तारेवर ओळीने बसलेल्या दिसतात त्या भिंगऱ्या. चोच पाकोळीची एवढीशी, जबडा मात्र रुंद उघडतो, उडता उडता कीटक आत. पिसं आणि काड्या लाळेने चिकटवून ती कमानींच्या, पुलांच्या खाली घरटी करते. जुन्या दगडी वेशींच्या आत मान वर करून बघा.

शिकारी पक्ष्यांचं थोडक्यात: घार, शिक्रा, घुबड यांची चोच आकडी असते, पण मारायचं काम पायांचं. चोच फाडण्यासाठी. गव्हाणी घुबडाचं बाहेरचं बोट मागेही वळतं, त्यामुळे उंदीर चारही बाजूंनी जखडला जातो. शेतातल्या गोदामात त्याने ओकलेल्या गोळ्या पडलेल्या असतात, त्या ओल्या करून काडीने उकला, आत उंदरांच्या कवट्या मिळतील. या पक्ष्याला अशुभ म्हणून हाकलणं म्हणजे आपल्या धान्याच्या राखणदाराला हाकलणं आहे.

तिसरी पायरी: माळ

माळावर झाड नाही, म्हणून फांदी पकडायची गरज नाही, आणि मागचं बोट निरुपयोगी ठरतं. धाविक पक्ष्याला ते नाहीच. माळढोकालाही नाही. पंधरा किलोपर्यंत वजनाचा नर असलेला हा पक्षी तीन भक्कम बोटांवर चालतच आयुष्य काढतो, नाकतोडे, सरडे, धान्य, बोरं असं मिळेल ते टिपतो, आणि उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ साली त्याच्यासाठी झालं. आज तिथे माळढोक दिसणं ही फार दुर्मीळ गोष्ट झाली आहे, देशभरातच शे-दीडशेच्या आसपास उरलेत. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यामुळे चहूकडचं दिसतं, पण नेमकं समोरचं कमी. विजेच्या तारा त्याला वेळेत दिसत नाहीत आणि वजनामुळे झटकन वळताही येत नाही. ज्या ठेवणीने त्याला हजारो वर्षं माळावर जगवलं तीच आता त्याच्या जिवावर उठली आहे, आणि यात त्याचा काही दोष नाही.

नान्नजला जाताना माळढोकाची आस धरू नका, बाकीचा माळ बघायला जा. परवानगी आणि वेळा वन विभागाकडे आधी विचारून घ्या. डोंबारी चंडोल आकाशात चढून गात गात खाली झेपावतो. चंडोलांच्या मागच्या बोटाचं नख लांब असतं, सपाट जमिनीवर चालताना ते आधार देतं. त्याचं घरटं ढेकळाच्या किंवा गवताच्या बुंध्याच्या आडोशाला. पखुर्डी सकाळी ठरलेल्या वेळी पाणवठ्यावर थव्याने येतात. नराच्या पोटावरची पिसं पाणी शोषून धरतात, तो पाण्यात बसून ती भिजवतो आणि लांब माळावरच्या पिल्लांना ती चोखायला देतो.

टिटवी तुम्हाला कुठल्याही पडीक रानात भेटेल. एप्रिलच्या उन्हात तिचं घरटं जरा लांबून, बांधाआड बसून बघा. घरटं म्हणजे जमिनीतला उथळ खळगा आणि भोवती खडे. चार अंडी, टोकं आतल्या बाजूला, रंग मातीसारखा, त्यावर काळे ठिपके. दुपारी पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा ती अंडी उबवत नसते, त्यांच्यावर उभी राहून सावली धरत असते. मधेच उठून पाण्यावर जाते, पोटाची पिसं भिजवते, परत येऊन अंड्यांवर बसते. नर-मादी पाळी बदलतात. तुम्ही जवळ गेलात की ओरडून डोक्यावरून झेपा घेते. रात्री टिटवी ओरडली की घरात कुणीतरी अशुभ म्हणतं. तिच्या अंड्यांजवळून कुत्रं, मुंगूस किंवा माणूस गेलेला असतो, एवढाच त्याचा अर्थ.

चौथी पायरी: घरटी, आणि ती कशी बघायची

नियम आधी. घरट्याला हात लावायचा नाही, समोरची फांदी बाजूला करायची नाही, अंडी-पिल्लांचा फोटो जवळून काढायचा नाही. पक्षी चोचीत चारा घेऊन लांबच थांबला असेल तर तुम्ही फार जवळ आहात, मागे व्हा. अंडी किंवा घरटी काढणं कायद्याने गुन्हा आहेच. जमिनीवरच्या घरट्याची जागा व्हॉट्सॲपवर कळवू नका, दुसऱ्या दिवशी तिथे दहा जण असतात.

मग प्रत्येक घरट्याला विचारा: शत्रू कोण? उत्तर मिळालं की आकार समजतो. होल्याचं चार काड्यांचं, खालून अंडी दिसतील असं घरटं बघून त्याला आळशी म्हणू नका. थोड्या काड्यांत ते लवकर होतं, मोडलं तर पुन्हा होतं, आणि पिल्लांना आई-बाप दोघंही गळ्यातल्या पिशवीत तयार होणारं दूध पाजतात, त्यामुळे वर्षातून अनेकदा वीण निघते. शिंपी पक्ष्याचा शत्रू म्हणजे शिकाऱ्याची नजर. तो रुंद पानाच्या कडांना चोचीने भोकं पाडतो आणि कोळ्याचं जाळं, कापसाचे तंतू ओढून पान मिटवतो, आत मऊ गादी करतो. बाहेरून ते नुसतं एक वळलेलं पान असतं. शिंजीर कोळिष्टकात साल, वाळका पाला, अळ्यांची विष्ठा गुंडाळून लोंबती पिशवी करतो, बाजूला दार आणि दारावर छोटं छज्जं. आपल्या घराच्या वायरला लटकलेला कचरा काढण्याआधी दोन मिनिटं थांबून बघा.

कावळा पावसाआधी, एप्रिल ते जूनमध्ये काड्या आणि तारांचं घरटं करतो आणि कोकिळा त्यात आपलं अंडं ठेवते. तिला स्वतःचं घरटंच नाही, म्हणजे आपला तिसरा प्रश्न तिच्या बाबतीत कावळ्याच्या घरी जाऊन विचारावा लागतो.

आणि सुगरण. पाऊस सुरू झाला की विहिरीवर झुकलेली बाभूळ शोधा. काटे वर, पाणी खाली, म्हणून सापाला-मांजराला पोचणं अवघड. विणकाम नर करतो. ज्वारीच्या, उसाच्या, गवताच्या हिरव्या पात्याला कडेला चावा घेऊन, तो टोक चोचीत धरून उडतो आणि लांब पट्टी सोलून निघते. हिरवीच हवी, वाळलेली वळत नाही. पहिल्यांदा फांदीला गुंडाळी, मग एक कडं, त्या कड्यात उभं राहून चोच पोचेल तेवढ्या अंतरावर पुढचं विणकाम. म्हणजे घरट्याचा घेर त्या पाखराच्या अंगाने मापलेला असतो. अर्धं झालं की तो थांबतो, पंख फडफडवत ओरडतो, आणि माद्या येऊन आत शिरून तपासतात. पसंत पडलं तरच तो अंड्यांची खोली आणि खाली उतरणारी नळी पुरी करतो. नापसंत अर्धी घरटी तशीच लटकत राहतात. आत ओल्या मातीचे गोळे थापलेले सापडतात, तेही बघून ठेवा. हे सगळं दाणा फोडणाऱ्या आखूड चोचीचं काम आहे, विणायला वेगळी चोच त्याला मिळालेली नाही.

चिमणीसाठी मात्र आपण काही करू शकतो. माळवदाच्या घरांत वाशांच्या टोकाशी, दगडी भिंतींच्या सांध्यांत तिला आयत्या खबदाडी मिळायच्या. सिमेंटच्या गुळगुळीत भिंतीत त्या नाहीत. लाकडी पेटी लावायची असेल तर भोक ३२ मिलिमीटरचं ठेवा, म्हणजे चिमणी जाते आणि साळुंकी जात नाही. भोकाखाली बसायला दांडी लावू नका, ती मांजर-कावळ्याच्याच सोयीची होते. पेटी आठ-दहा फुटांवर, सावलीच्या भिंतीला, उत्तर किंवा पूर्वेकडे तोंड करून. आपल्याकडच्या मे महिन्यात पश्चिमेच्या भिंतीवरची पेटी तापते आणि पिल्लं दगावतात. पेटी फेब्रुवारीआधी लावा, आणि वीण संपल्यावर पावसाळ्यानंतर आतला जुना पेंढा काढून उन्हात वाळवून पुन्हा टांगा.